गाडीच्या वाटणीचं पाणी

भाईंदरला राहायला आलो तेव्हापासून माझ्या घरात पाण्याच्या दोन जाती होत्या, गोडं आणि खारं. गोडं पाणी एक दिवसाआड, इमारतीच्या खालच्या नळाला, जेमतेम पाऊण तास यायचं. रांगेत भांडून त्याचे तीन हंडे मिळायचे, ते मी ओट्यावर झाकून ठेवायची. बोअरिंगचं खारं पाणी हवं तेवढं, पण त्यात डाळ शिजत नसे की साबणाला फेस येत नसे. कुठलं पाणी कशाला वापरायचं, हे मी ठरवायची. बाकी घरात माझं कोणी ऐको न ऐको, पाण्याच्या बाबतीत माझाच कायदा होता.

घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि सासूबाई. सासूबाई रत्नागिरीकडच्या गावाहून आमच्याकडे आल्या त्या पोटात गाठ घेऊनच. दर बुधवारी त्यांना मुंबईतल्या इस्पितळात नेऊन सलाइनमधून औषध चढवावं लागे. "एकही बुधवार चुकवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लोकलचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता, म्हणून ह्यांनी ऑफिसातल्या एका माणसाची जुनी गाडी घेतली.

गाडी दारात आली त्या दिवशी हे रेडिएटरमध्ये घालायला म्हणून हंड्यातून पाणी घ्यायला लागले. मी तांब्या हातातून काढून घेतला. "अहो, माणसांना प्यायला पुरत नाही आणि गाडीचे कसले लाड?" असं म्हणून बोअरिंगची बादली त्यांच्यापुढे ठेवली.

सासूबाई कॉटवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, खारं पाणी लोखंड खातं. आमच्या खाडीकडच्या विहिरीची कप्पी सारखी बदलायला लागायची. हवं तर माझ्या वाटणीचं घाल."

"आई, विहिरीची कप्पी वेगळी आणि गाडी वेगळी," मी म्हटलं. आणि वर आणखी एक वाक्य बोलले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. "आणि तुमच्या वाटणीचं आणतं कोण?"

त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पाण्याविषयी पुढे कित्येक महिने बोलल्या नाहीत.

सात-आठ महिने गाडी खारं पाणी पिऊन निमूट चालली. मग एप्रिलमधल्या एका बुधवारी दहिसरच्या नाक्याअलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. सासूबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या, मी त्यांच्या डोक्यावर पदर धरून उभी. इंजिन गार व्हायची वाट बघत, थांबत थांबत पोचलो तेव्हा औषध देण्याची वेळ टळून गेली होती. पुढच्या बुधवारी तर काशीमीऱ्यापासूनच मागे फिरावं लागलं. मधल्या दिवसांत दाखवलेला मेकॅनिक म्हणाला होता, "साब, थर्मोस्टॅट निकाल के फेंक दो, बस." पण ह्यांचा त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून तो तसाच राहिला होता. दोन बुधवार हुकले होते. तिसरा हुकू द्यायचा नाही, म्हणून रविवारी सकाळी हे स्वतःच पान्हे घेऊन खिडकीखाली बसले.

हे कचेरीत फायली हलवणारे, पण हाताला घाई नव्हती. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, तो ताठ होता. रबरी पाइप चिरलेले नव्हते. मग थर्मोस्टॅट काढून स्वयंपाकघरात आणला. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी ही एवढीशी झडप. ती दोऱ्याला बांधून माझ्या दुधाच्या पातेल्यात सोडली आणि खाली गॅस लावला. पाणी तापलं तशी ती हळूहळू उघडली. "ह्याचा दोष नाही," हे म्हणाले. ती परत बसवून त्यांनी इंजिन चालू केलं आणि थोड्या वेळाने रेडिएटरवरून हात फिरवला. वर हात ठेववत नव्हता आणि खाली अगदी गार.

"वरचं पाणी खाली येतच नाहीये," ते म्हणाले. "आत तुंबलंय."

इंजिन निवल्यावर त्यांनी तळाची तोटी उघडली. मी बादली धरून उभी होते. बादलीत पडलं त्याला पाणी म्हणवत नव्हतं. नाचणीच्या आंबिलीसारखं दाट, लालसर, आणि त्यात गंजाचे पापुद्रे. ह्यांनी ते बोटांवर चोळून पाहिलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, तेवढी तयारी माझी नेहमीच असे. ते एवढंच म्हणाले, "धुण्याचा सोडा आहे का घरात?"

सासूबाई खिडकीत बसून सगळं बघत होत्या. मी सांगितलं होतं, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. त्या तेही म्हणाल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा आतून धुतलं. मग मी न सांगता ओट्यावरचे हंडे आणले. दोन हंडे खळबळून काढण्यात गेले, तिसऱ्यातला अर्धा रेडिएटर भरण्यात. उरलेलं हे "इंजिनात अजून जाईल" म्हणत घालत राहिले. घरात प्यायला एक तांब्या उरला, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. दुपारी सासूबाईंनी पाणी मागितलं. औषधाने त्यांचं तोंड सारखं कोरडं पडायचं. मी अर्धा पेला दिला. त्यांनी तळाशी दोन घोट ठेवून पेला माझ्या हातात परत दिला. "तुला राहू दे," म्हणाल्या.

बुधवारी गाडी नीट गेली. मी रस्ता बघितलाच नाही, काट्याकडे बघत होते. तो मधोमध होता, हललासुद्धा नाही. वेळेच्या आधी पोचलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, फोटो पाहिले आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. गाठ पसरली होती. आता औषध चढवण्यात अर्थ नाही, घरी न्या, म्हणाले.

"दोन बुधवार चुकले म्हणून?" मी विचारलं.

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

ते हो म्हणाले असते तर मी तिथेच रडून घेतलं असतं. नाही म्हणाले असते तर सुटले असते. येतानाही काटा मधोमध होता. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही. सलाइन न लावताच का परत निघालो, हे त्यांनीही विचारलं नाही.

शुक्रवारी पाणी आलं. मी तीन हंडे भरले. दोन ओट्यावर ठेवले आणि तिसरा, गाडीचा म्हणून, दाराशी. सासूबाई कॉटवरून बघत होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"तो हंडा आत घे गो," त्या म्हणाल्या. "गाडीला आता कुठं जायचंय?"