सेठजींची दुसरी मोटर

हल्ली कोणी ना कोणी येऊन विचारतो, "बाबा, पंचेचाळिशीत टांगा सोडून मोटर कशी शिकलात? एवढी हिंमत कुठून आणली?" त्यांना वाटतं, मी काहीतरी मोलाचं सांगेन. पहाटे उठा, देवाचं नाव घ्या, मनाशी ठाम ठरवा, असं काहीतरी. मी काही ठरवलंबिरवलं नव्हतं. माझं पोट कमी झालं, विडी सुटली, मान वर करून बोलता यायला लागलं, हे सगळं माझ्या साडूवरच्या जळफळाटातून झालं. साडू नसता, तर मी मलकापूरच्या स्टेशनबाहेर घोड्यासकट म्हातारा झालो असतो.

आम्ही दोघेही तिथलेच टांगेवाले. दोन सख्ख्या बहिणी आमच्या घरी. थोरली त्याच्याकडे, धाकटी माझ्याकडे. वयानं तो माझ्याएवढाच, पण थोरलीचा नवरा म्हणून सोनाळ्याला सासऱ्याच्या घरी पहिला पाट त्याचा. तो मूळचा वरवट बकालचा, अंगानं सडपातळ, आवाज मोकळा. तो ओसरीवर आला की सासरा बसल्या जागी सरकून त्याला जागा द्यायचा. मी आलो की म्हणायचा, "या, बसा तिकडं, सावलीले." सावलीची काळजी होती, हे मला आजही पटत नाही.

टांग्याला पायाखाली पितळेची घंटी असते. वाटेत माणूस आडवा आला की उजव्या पायाचा पंजा दाबायचा, टणटण वाजते, माणूस बाजूला होतो. सगळे टांगेवाले हेच करायचे. पण माझा साडू ती घंटी नुसती वाजवायचा नाही, खेळवायचा. तिचा ठेका ऐकून बायका दारातून ओळखायच्या, की तोच आला. थांब म्हणायच्या, बसायच्या. माझी घंटी म्हणजे नुसती घंटी. मागे बसलेल्या सवारीलाही ती ऐकू येत होती की नाही कोण जाणे.

मग बुलडाण्याच्या सडकेवर एका सेठजींची मोटर सुरू झाली. स्टेशनवर गाडी उतरली की लोक आमच्याकडे न बघता तिकडे धावायचे. दिवसभराची वाट काही तासांवर आली, तर टांग्यात कोण बसणार? आमच्या वाट्याला गावातल्या गावात गठुडी वाहणं उरलं. घोडा खायचा, आम्ही बघायचो. सासऱ्याचा निरोप आला, की टांगा विकून सोनाळ्याला या, वावर आहे, काम आहे. त्याच्या वावरात, त्याच्या नजरेखाली, सालदारासारखं राबायचं, आणि सणासुदीला साडू पाहुणा म्हणून येणार, पाटावर बसणार! त्यापेक्षा मी घोड्याबरोबर कडबा खाल्ला असता.

तेवढ्यात कळलं, सेठजी दुसरी मोटर आणतायत. पहिलीवर एक उस्ताद होते, खानदेशातून आलेले, पिकल्या दाढीचे. सेठजींना पोरसवदा ड्रायव्हर नको होता. पोरं मोटर पळवतात, मला टिकवणारा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उस्ताद म्हणाले, टांगेवाल्यांतलाच कोणी घ्या, सडकेचा एकेक खड्डा त्यांना ठाऊक आहे. शिकायला आम्ही दोघंच तयार झालो. अट एकच. शिकेपर्यंत क्लीनरचं काम. मोटर धुवायची, इंजिन सुरू करायला हँडल मारायचं, उस्तादांच्या हातात सामान द्यायचं. पंचेचाळीस वर्षांच्या बाप्यानं चिंधी घेऊन चाकं पुसायची.

पहिल्या दिवशी मी चाकाआड तोंड लपवून पुसत होतो. स्टेशनवरचे ओळखीचे हमाल जात होते. माझा साडू मात्र बालदी घेऊन मोटरच्या पुढेच उभा आणि ओरडून सांगतोय, "अरे पाहून घ्या रे, नवीन घोडा हाये! खरारा करून राह्यलो!" लोक हसले. पण त्याला नव्हे, त्याच्याबरोबर. मला तो फरक तिथेच कळला आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि त्याचे उपदेश! पहिल्यांदा स्टेअरिंगमागे बसलो तर माझं पोट चाकाला टेकलं. चाक फिरवायचं म्हणजे आधी श्वास आत घ्यायचा. साडू खिडकीतून डोकावून म्हणाला, "साडूभाऊ, पोट घरी ठेवून ये ना बे. सकायी नळगंगेपर्यंत चालत जाय अन् चालत ये. विडी सोड. अन् उस्तादसमोर असा मान खाली घालून काऊन उभा राह्यतं? माणसाच्या डोयात पाह्यलं का अर्धं काम होते."

घरी बायकोनंही तेच लावलं. "भाऊजी म्हनतात ते खरं हाये. भाऊजी पाहा कसे ताठ चालतात."

"मग जाय भाऊजीच्या घरी," मी म्हणालो.

"तिथं माही बहीन हाये," ती शांतपणे म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्याचा सल्ला ऐकायचा नाही, हे मी पक्कं केलं होतं. पण तो बारीक आणि मी जाड, हेही बघवत नव्हतं. शेवटी मी चालायला लागलो, पण नळगंगेच्या पलीकडच्या काठानं, म्हणजे त्याला दिसायला नको. तर एका सकाळी तो पलीकडच्याच काठावर भेटला. "मले वाटलं तू इकडून येशीन," म्हणाला, आणि माझ्याबरोबर चालायला लागला. त्याला बोलता बोलता चालता यायचं, मला नुसतं चालताना धाप लागायची. ती धाप त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी विडी सोडली. लोक देवापुढे शपथ घेऊन विडी सोडतात.

हळूहळू पोट उतरलं. चाक मोकळं फिरायला लागलं. उस्तादांच्या डोळ्यांत बघून विचारायलाही शिकलो, कारण साडू विचारायचा आणि उस्ताद त्यालाच दोन गोष्टी जास्त सांगायचे. ते मला सहन होईना. वय झाल्यावर नवं शिकताना सगळ्यात अवघड काय, तर आपल्याला येत नाही हे तोंडानं म्हणणं. मला ते लाजेनं जमत नव्हतं, पण तो म्हणतोय आणि मी मागे राहतोय, हे लाजेहून वाईट होतं. म्हणून म्हणायला लागलो.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांनाही सतावत होती. मोटरला वेग द्यायची रेस उजव्या पायाखाली. आणि आमचा उजवा पाय वीस-पंचवीस वर्षं घंटीवर. मोकळ्या मैदानात काही नाही, पण समोर गाय आली, माणूस आला, की पाय आपसूक दाबला जायचा. घंटी वाजायच्या ऐवजी मोटर उसळी घ्यायची. म्हणजे ज्याला वाचवायचं, त्याच्याच अंगावर. उस्ताद हँडलच्या दांड्यानं माझ्या नडगीवर टोला द्यायचे. "पाँव उठा, मियाँ! घंटी नहीं है ये, मौत है!"

मोटरचं काम आटोपलं की पोटासाठी आम्ही टांगा हाकतच होतो. मी एके दिवशी पान्यानं टांग्याची घंटीच काढून टाकली. आता माणूस आडवा आला की तोंडानं ओरडायचो, "बाजू व्हा हो, बाजू!" सवाऱ्या हसायच्या. बाजारातली पोरं माझ्यामागे तसंच ओरडत धावायची. पण पायाची सवय गेली. समोर काही आलं की पाय दाबायच्या ऐवजी वर उचलला जायला लागला.

ही युक्ती साडूला सुचली नव्हती. मला सुचली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काही होतं, आणि मी ते सांगितलं. चांगुलपणाचा त्यात लवलेश नव्हता. एकदा तरी मी सांगावं आणि त्यानं ऐकावं, एवढंच होतं.

"घंटी काढून टाक," मी म्हणालो. "नाही तं दगा देईन तो पाय."

तो हसला. "घंटी काढली तं लोकायनं मले ओयखावं कसं? होते बे सवय. तू नको भेऊ."

नको भेऊ! मी त्याच्यासाठी घाबरलो असं त्याला वाटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा सांगायचं नाही म्हणालो, आणि पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा हसण्यावारी नेलं.

नवी मोटर आली. कोणाच्या हाती द्यायची हे ठरवायला सेठजींनी आणि उस्तादांनी बाजाराचा दिवस निवडला. उस्ताद म्हणाले, रिकाम्या सडकेवर कोणीही चालवेल, स्टेशनापासून बाजारातून, कापसातली सरकी काढतात त्या जिनाच्या फाटकापर्यंत नेऊन दाखवा. कापसाचे दिवस. जिनासमोर बैलगाड्यांची रांग, वर कापूस ठासून भरलेला, मध्येच शेंगदाणेवाले, भाजीच्या पाट्या, बकऱ्या. हरलो, तर सोनाळ्याचं वावर. मी आदल्या दिवसापासून जेवलो नव्हतो. साडू पोटभर जेवून आला होता.

आधी मी. कसं नेलं ते विचारू नका. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. एक बकरी आडवी आली, पाय वर उचलला, ब्रेक दाबला, मोटर थांबली, बकरी गेली. फाटकापर्यंत पोचलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नीट झालेल्या कामाला कोणी वाजवत नाही.

मग तो बसला. छाती पुढे, एक हात खिडकीबाहेर. वाटेत ओळखीच्यांना रामराम करतोय. चालवत होता माझ्याहून छान, हेही सांगून टाकतो. मोटर त्याच्या हाताखाली मऊ चालत होती. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. संपलं, म्हटलं, चला सोनाळ्याला.

फाटकाजवळ एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन आडवा आला. साडूचा पाय दाबला गेला. दुसरं काय होणार होतं? मोटर उसळली. त्यानं म्हाताऱ्याला वाचवायला चाक गरकन फिरवलं, आणि मोटरचं अख्खं नाक शेवटच्या गाडीतल्या कापसात घुसलं. बैल उधळले, गाडीवान शिव्या देत पळाला, तापलेल्या इंजिनावर कापूस करपायला लागला, आणि उस्ताद दाढी सावरत दोन्ही हातांनी कापूस ओढून काढतायत. कोणाला खरचटलंही नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? असा आनंद, की हसू लपवायला मी गाडीवानाचे बैल धरायला धावलो.

कापसातून साडू बाहेर आला. मिशांना कापूस, भुवयांना कापूस. मला वाटलं आता तरी मान खाली जाईल. त्यानं सगळ्या बाजाराकडे बघितलं आणि म्हणाला, "सेठजी, मोटर जिनिंगले आनली. सरकी काढून घ्या!"

सेठजी पोट धरून हसले. बाजार हसला. तो म्हातारा भारा टाकून हसला. मोटर मला मिळाली, आणि त्या दिवशी गावात बोलणं फक्त त्याचं झालं.

सेठजींनी त्याला सोडलं नाही. मोटरला सवाऱ्या गोळा करायला, तिकिटं फाडायला माणूस लागतोच. म्हणाले, हा माणूस बोलावेल तर मेलेलाही उठून बसेल. कोणत्या मोटरवर घेतलं असेल? माझ्या. बुलडाण्याहून माझं लायसन झालं, खाकी कोट शिवला, आणि त्याच दिवसापासून तो मागच्या फळीवर. त्यानं पत्र्यावर थाप मारली की मी थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. मी पुढे बसून सडक बघायचो. मागे हशा उसळायचा आणि कशावर उसळला ते मला कधी कळायचं नाही. बायामाणसं त्याच्यासाठी डब्यातून ठेचा आणायची. ड्रायव्हरला देऊ का, म्हणून तोच त्यातला अर्धा माझ्याकडे सरकवायचा. चांगला असायचा ठेचा. मी खायचो आणि जळायचो.

राजूर घाटातली ती दुपार मात्र मी विसरू शकत नाही. उतार धरून येत होतो. एक बाई, मांडीवर नातू, पहिल्यांदाच मोटरीत बसलेली. खाली दरी बघून तिनं विचारलं, "डायवर कसा हाये बाप्पा? नवा तं नाही?"

माझे कान मागे गेले. मला टोमणा मारायला त्याला सोन्यासारखी संधी होती. बाजारभर ज्याची गोष्ट हसत सांगतात तो माणूस, आणि मी, ज्यानं त्याची जागा घेतली.

"तो?" साडू म्हणाला, अख्ख्या मोटरीला ऐकू जाईल असा. "माहा साडू हाये तो, माय. मी घातली होती मोटर कापसात. यानं आंधी सांगतलं होतं मले, दोनदा सांगतलं, मीच आयकलं नाही. याच्याहून चांगला डायवर ह्या सडकेवर नाही. निज तू."

आणि बाई निजली. आरशात मला तिचं डोकं कलंडलेलं दिसलं.

हे बोलताना त्याच्या आवाजात कुठे खरखर नव्हती. त्याला काही गिळावं लागलं नव्हतं. मला त्याच्याबद्दल असं एक वाक्य बोलायचं झालं असतं, तर घाट संपला असता आणि ते घशातच राहिलं असतं. मी पोट कमी केलं होतं, विडी सोडली होती, मान वर करायला शिकलो होतो. जे जे त्याच्याकडे होतं ते ते ओढून आणलं होतं, मोटरसुद्धा. हे एक मात्र कुठल्या काठानं चालून मिळतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

वळण आलं. मी पाय उचलला, चाक फिरवलं, सवाऱ्या नीट खाली आणल्या. मोटर माझ्या हातात होती, आणि मला तो व्हायचं होतं.