डुबुक नावाची फाईल

आधीच सांगून ठेवते, भूत-प्रेत, नजर, करणी यातलं मी काहीही मानत नाही. आई दारात लिंबू-मिरची बांधायला लागली की आमचं भांडण ठरलेलं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण झालं ते झालं.

सुरत, नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमवर कामाला म्हणून आले आणि उधन्यात राहिले. घरात अहिराणी, बाहेर गुजराती-हिंदी. मी रिंग रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. कापड रंगवायच्या मशीनसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवायचो — आत किती तापवायचं, प्रेशर किती ठेवायचं, झाकण कधी उघडू द्यायचं, सगळं तो प्रोग्रॅम ठरवायचा. आमच्या गिऱ्हाइकांपैकी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग हाऊसमध्ये माझा धाकटा भाऊ संजय ऑपरेटर होता. झाकण उघडून कापडाचा तुकडा बाहेर काढायचा आणि रंगाची शेड बघायची, हे त्याचं काम.

या संजयला घरात आम्ही 'डुबुक' म्हणतो. लहानपणी पाण्याच्या पिंपात पडला होता, तेव्हापासून. बाहेर कुणासमोर म्हटलं तर अजून चिडतो, म्हणून ऑफिसात मी ते नाव कधीच काढलं नव्हतं.

ऑफिसच्या कोपऱ्यात आमचा बिल्ड सर्व्हर होता. नाव मोठं, पण साधा कॉम्प्युटरच. आम्ही लिहिलेला सगळा कोड एकत्र करायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं पॅकेज बनवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. मग ते फ्लॉपीवर भरून आम्ही पोचवायचो. त्यावरचं लिनक्स फार जुनं झालं होतं. शेठ म्हणाले, नवं व्हर्जन टाका. ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

टाकलं. भर दुपारी, पंखा गरगरतोय, खाली रस्त्यावर टेम्पोवाले भांडतायत — म्हणजे वातावरणात भुताटकीला काडीचीही जागा नव्हती. एकेक पॅकेज बनवायला घेतलं. सगळी झाली, फक्त सचिनचं अडलं. स्क्रीनवर एरर : 'डुबुक' नावाची फाईल सापडत नाही.

मी दोनदा वाचलं. इंग्रजी अक्षरांत, पण स्वच्छ डुबुक!

माझं डोकंच फिरलं. शेजारी निमेश बसायचा, अस्सल सुरती, मस्करीत एक नंबर. तो मान वाकवून वाचायला लागला. "बेन, आ डुबुक कोण छे?"

"तूच सांग ना! लाज नाही वाटत? माझ्या घरातली नावं कुठून काढलीस?"

"अरे बेन, मने शुं खबर? तमारा घरनी वात हुं क्यांथी जाणुं?" बिचारा इतका गोंधळला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

नवं व्हर्जन टाकल्यावर फायली न सापडण्याचे एरर येतातच, त्यात नवल नाही. पण कोडमध्ये जिचं नाव लिहिलंय तीच फाईल कॉम्प्युटर मागतो ना? मी अख्खी डिस्क शोधली. ना त्या नावाची फाईल, ना कुठल्या कोडात 'डुबुक' हा शब्द. पुन्हा बिल्ड लावला, पुन्हा तेच. शेठ आतून ओरडतायत — दुसऱ्या दिवशी डाइंग हाऊसला सुट्टी, नवं पॅकेज त्याच दिवशी बसवायचं होतं, आणि परवा सकाळच्या पाळीला संजयच असणार होता.

शेवटी वैतागून मी सचिनचा कोड पहिल्या ओळीपासून डोळ्यांनी वाचायला घेतला. हे काम कुणी करत नाही, मीही केलं नसतं. वाचता वाचता झाकणाच्या भागाशी आले आणि तिथेच थांबले.

प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाचं लॉक सुटू द्यायचं नाही, ही तपासणीच बंद केलेली होती. निमेशने केली होती. टेबलावर टेस्ट करताना सेन्सर जोडलेला नसतो, मग लॉक सुटत नाही, म्हणून तात्पुरती बंद केलेली... आणि परत चालू करायला विसरला. मी त्याला बोटाने दाखवलं. तो डोकं धरून बसला. आतलं पाणी उकळत्याहून गरम असतं हो! त्यावर वाकून उभा असणार होता आमचा डुबुक.

तपासणी चालू केली, बिल्ड लावला. झालं पॅकेज, निमूट! मग खात्री करायला मी मुद्दाम ती परत बंद करून बघितली, म्हटलं आता अडतंय का बघू. नाही अडलं. तसलंही पॅकेज बनवलं त्याने बिनबोभाट. ते मी लगेच पुसून टाकलं. तो एरर पुन्हा कधीच आला नाही.

सचिनला चांगली फ्लॉपी गेली. आठवड्याभराने संजय जेवताना करवादला, "तायडे, तुमना प्रोग्रॅम भलता खराब शे. वाफ उतरस नही तवलोंग झाकण उघडस नही. कितला टाईम जास!"

मी डोळे पुसले. आई म्हणाली, "रडस काबर व?" मी म्हटलं, मिरची लागली.

त्यानंतर खूप जणांना विचारलं. कुणी म्हणतं डिस्क खराब असेल, कुणी म्हणतं तूच थकव्यात भलतंच काहीतरी वाचलं असशील. असेल बाबा. पण मग निमेशने काय वाचलं? मला आजही सांगता येत नाही. लिंबू-मिरचीवरून आईशी मात्र अजून भांडते.

संजयला हे कधीच सांगितलेलं नाही. तो वाचनाच्या वाटेला जात नाही म्हणून इथे लिहायचं धाडस केलं. आता त्याचे केस पिकलेत, तरी दिवाळीला आला की चिडवतो — तायडे, तुझ्या प्रोग्रॅमात झाकण उघडायला फार वेळ लागायचा हं.

लागू दे रे डुबुक. लागू दे.