बियाचं वांगं

मी विकायच्या बाजूची होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर उगाच कोणी मला भली ठरवायला नको.

पिपरी मेघेत आमच्या घरामागे पाऊण एकराची वाडी आहे. तिच्या तीन बाजूंना आता प्लॉट पडले आहेत. सिमेंटचे खांब रोवून झालेत, दोन ठिकाणी तर स्लॅबही पडला. बाबा गेल्यावर वाडी आईच्या नावावर झाली. आई तिच्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते आणि सकाळच्या ऑटोत टोपल्या घालून वर्ध्याच्या बाजारात पाठवते. विकायचं बोलणं उन्हाळ्यापासूनच चालू होतं. त्या वर्षी दिवाळीला भाऊ पुण्याहून आला तेव्हा वाडी घेणारा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला. कागद तयार झाले, राहिली फक्त आईची सही. "तुझे गुडघे पाह्य," भाऊ म्हणायचा. "तुझे गुडघे पाह्य," मीही म्हणायचे. आई म्हणायची, "पाहू." या 'पाहू'ला दोन महिने होत आले होते आणि भावाचा दर आठवड्याला फोन यायचा, सही झाली का म्हणून.

मी वर्ध्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. वय एकतीस. लोकांना या वयात देवाधर्माचं वेड लागतं, मला जपानी चित्रकथांचं आहे. मांगा म्हणतात त्यांना. उजवीकडून डावीकडे वाचायची, काळ्या-पांढऱ्या चित्रांची पुस्तकं. त्यातली एक माझी सगळ्यात लाडकी. तिचे अकरा भाग मी इंग्रजीतून एकेक करून मागवले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर ठेवले, कारण घरात ओल न लागणारी जागा तेवढीच.

गोष्ट साधी आहे. डोंगरातल्या गावात एक आई आणि एक मुलगी भाजीपाला पिकवून राहतात. सहाव्या भागात आई आजारपणात जाते. मुलगी एकटीनं शेत करते आणि अकराव्या भागात शिकायला शहरात निघते. शेवटच्या पानावर एकही शब्द नाही. वांग्यांची एक रांग आहे, सगळी वांगी काळीकुळकुळीत. त्यात एकच पांढरं आणि त्याच्या देठाला दोरा बांधलेला. मुलगी त्याच्याकडे बघते, पाठ फिरवते आणि बसकडे चालू लागते. संपलं.

या पानावरून आम्ही चाहत्यांनी चार वर्षं एकमेकांची डोकी खाल्ली आहेत. इंटरनेटवर आमचा एक ग्रुप आहे, त्यात जगभरातली माणसं. मुलगी परत गावी येते की नाही, हा मुख्य वाद. पांढरं वांगं म्हणजे आईचा आत्मा, असं एक पक्ष म्हणायचा. चित्रकार शाई भरायला विसरला, असं दुसरा. मी स्वतः एक लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं होतं की पांढरं वांगं म्हणजे ती मुलगीच, सगळ्यांत वेगळी, म्हणून ती परत येणार नाही. लेखाला खूप वाहवा मिळाली होती. मी तो अधूनमधून स्वतःच वाचून खूश व्हायचे.

मग या मांगाचा ॲनिमे आला. म्हणजे तीच गोष्ट, पण हलती, बोलती, रंगीत. दर रविवारी दुपारी एक भाग यायचा आणि आमच्या पुढच्या खोलीत आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसायचो. मी, आमच्याच गल्लीतली फार्मसी शिकणारी मुलगी आणि एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारा एक जण. त्याला अकराही भागांची पानं गाड्यांच्या वेळांसारखी तोंडपाठ. तो एक वही घेऊन यायचा आणि ॲनिमेवाल्यांनी केलेला प्रत्येक बदल तिच्यात टिपायचा. मूळ गोष्टीत कुत्रा नव्हता, यांनी घातला. शेजारचा म्हातारा यांनी तरणाताठा केला. आईच्या आजारपणाची तीस पानं यांनी एका गाण्यात उरकली. आम्ही तिघं दर रविवारी बदलांवर तुटून पडायचो आणि पुढच्या रविवारची वाट बघायचो.

चौथी आई. ती कोपऱ्यात बसून सोमवारच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधायची. जपानी कळायचं नाही, खालची इंग्रजी अक्षरंही नाहीत. मधूनमधून मी सांगायचे, "आता थे हिले रागावून राह्यली." आई म्हणायची, "दिसते ना." तेवढंच.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी चहासुद्धा आधीच करून ठेवला, मध्ये उठायला नको म्हणून. पडद्यावर ती वांग्यांची रांग आली आणि आम्ही तिघंही पुढे सरकलो. वांगी जांभळी, तुकतुकीत, दव पडलेली. सगळीच जांभळी. पांढरं एकही नाही, दोराही नाही. मुलगी वाकली, हसली, त्यातलं एक तिनं तोडलं, ओंजळीत धरून हुंगलं आणि पिशवीत ठेवून बसमध्ये चढली. गाणं सुरू झालं. फार्मसीवाली रडायला लागली. स्टँडवाल्यानं वही उघडली. मी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात कोपऱ्यातून आई ओरडली.

"अवो! बियाचं तोडलं वो तिनं!"

हातातली जुडी सुटून सांभार फरशीवर पसरला होता. आईला मी आवाज चढवताना फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

"काय बियाचं?" मी विचारलं.

"थे वांगं. मायच्या बियातलं, पुढच्या बियाले ठेवलं अशीन थे. शहरात नेऊन खाते का आता?"

"तुले कसं मालूम?"

"तुह्या पुस्तकात नाई का दोरा बांधेल? डब्याईची फळी पुसताना पाह्यतो ना मी."

मी उठून अकरावा भाग आणला आणि शेवटचं पान तिच्यासमोर धरलं. आईनं हात पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पांढऱ्या वांग्यावर बोट ठेवलं.

"हे पांढरं नोहे. पिवळं हाय. पिकेल वांगं हाय हे."

"वांगं पिकते?"

माझ्या या प्रश्नावर आईनं मान वर करून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. वाडीच्या भाजीवर वाढलेली, एकतीस वर्षांची, लोकांना शिकवणारी मी. "सारंच पिकते," ती म्हणाली. "आपन खातो थे कच्चं. झाडावर राहू देलं तं पिवळं पडते, मंग त्यात बी धरते. दोरा काऊन? तं तोडनाऱ्या बायाईनं चुकून तोडू नाई म्हून. आपल्या इथं चिंधी बांधतो. हे काळे-पांढरे चित्रं काढनाऱ्याले सारं मालूम हाय. रंग भरनाऱ्याले नाई मालूम."

मग स्टँडवाला हळूच म्हणाला, "काकू, दुसरा भाग पाहा बरं." आणि त्यानं पान न शोधता पान काढलं. एका कोपऱ्यातल्या एवढ्याशा चौकटीत दोन हात काहीतरी बांधत होते. तोंड नाही, संवाद नाही. आम्ही तिघांनीही ती चौकट कितीदा तरी ओलांडली होती. चौथ्या भागात त्या मुलीची आई एका भांड्यात पाण्यात काहीतरी हलवते आहे, ते आम्ही स्वयंपाक समजत होतो. पाण्याच्या तळाशी बारीक ठिपके होते. "बी धुवून राह्यली," आई म्हणाली. "खाली बसलं थे चांगलं. वर तरंगलं थे फेकाचं." सहाव्या भागात आई गेल्यावर मुलगी कपाट उघडते आणि कागदाची पुडी छातीशी धरते. ते आम्ही आईनं मुलीला लिहिलेलं पत्र समजलो होतो. त्यावर कोणीतरी कविताही केली होती.

अकरा भाग भरून एका माणसानं कुठेतरी दूर बसून एका वांग्याच्या बियाची गोष्ट काढली होती. एक शब्द खर्च न करता. ज्याला दिसेल त्याला दिसेल म्हणून सोडून दिली होती. जगभरातल्या आम्हा शहाण्यांना ती दिसली नाही आणि माझ्या घरात रविवारी कोपऱ्यात बसून जुड्या बांधणाऱ्या बाईला ती फळी पुसता पुसता दिसली होती.

"मंग थे परत येते का नाई गावाले?" फार्मसीवालीनं नाक पुसत विचारलं. चार वर्षांचा वाद होता हा.

"येईनच ना," आई म्हणाली. "पुरं पिकाले अजून लागते. पिकलं का काढाले येईन. बी सोडून कोन जाते?" आणि ती फरशीवरचा सांभार गोळा करायला लागली.

त्याच संध्याकाळी मी माझा जुना लेख खोडून टाकला आणि आईनं सांगितलं ते सगळं चौकटींच्या फोटोंसकट ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा एकानं खिल्ली उडवली, आता शेतकी खात्याचं मत ऐकू या म्हणून. मी त्याला असं काही उत्तर दिलं की तो पुन्हा फिरकला नाही. मग एका बाईनं फोटो टाकला. कुठला देश ते ठाऊक नाही, पण तिच्या आजोबांच्या मांडवावर वाळलेला दुधीभोपळा होता आणि त्याला प्लास्टिकची पट्टी बांधली होती. मग दुसऱ्या कोणाच्या तरी काकडीला गवताची गाठ. मग मिरचीला लाल लोकर. रात्रीची जेवणं होईपर्यंत अशी कितीतरी फळं जमा झाली. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी एकमेकांकडून न शिकता एकाच तऱ्हेनं गाठ मारून ठेवली होती, हे खायचं नाही म्हणून. मी एकेक फोटो आईला दाखवत होते. प्रत्येक वेळी ती मान हलवायची, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी.

शेवटी कोणीतरी लिहिलं, आता तुमच्या आईचं वांगं दाखवा.

सोमवारी क्लासला जायच्या आधी मी फोन घेऊन वाडीत गेले. खोटं कशाला सांगू, कित्येक महिन्यांनी गेले. वांग्याच्या सहा ओळी होत्या. मी पहिली बघितली, दुसरी बघितली. पानं उचलून उचलून बघितलं. चिंधी कुठेच नव्हती. मला वाटलं, दोरा दिसला नव्हता तशीच ही दिसत नसेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आई पलीकडे मेथी उपटत होती.

"आई, चिंधी कुठी बांधली?"

"यंदा नाई बांधली."

"काऊन?"

तिनं मेथीच्या मुळांची माती झटकली.

"बी ठेवून पेरू कुठी?"

रागानं नाही म्हणाली, कुरकुरून नाही. प्लॉटचे खांब समोर होतेच, त्यांच्याकडे बोटसुद्धा केलं नाही. नंतर तिनं सांगितलं, ते बी तिच्या आईकडून आलेलं, लग्नात पदराला बांधून आणलेलं, दर वर्षी पेरलेलं आणि दर वर्षी काढलेलं. दिवाळीपासून 'पाहू, पाहू' म्हणता म्हणता तिनं ते मनानं संपवून टाकलं होतं. यंदाची सगळी वांगी तोडून बाजारात पाठवली होती. सही आम्ही अजून मागतच होतो, तिनं ती वाडीत कधीच करून टाकली होती. आणि मी घरात बसून एका चित्रातल्या मुलीनं वांगं तोडलं म्हणून जगाशी भांडत होते. मला इतकी लाज वाटली की फोन खिशात घालायचंही सुचेना.

"जुनं बी असन ना घरात?" मी विचारलं.

"होतं थे सारं यंदा पेरलं. शेवटचं साल म्हून."

"आता ठेवता येते का?"

"येते. झाड हाय तवरी येते. पन पिकाले दीड महिना लागते. मंग बी काढा, सुकवा, पावसाळ्यात रोप टाका." ती थांबली. "त्याले वाडी लागते, बाई."

"बांध," मी म्हटलं.

"तुहा भाऊ काय म्हनन?"

"त्याले मी सांगतो. तू बांध."

मी दोन महिने तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले होते आणि गुडघे दुखतच होते, त्यात काही फरक पडला नव्हता. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, कमरेला खोचलेल्या फडक्याची पट्टी टरकन फाडली आणि ओळींमधून चालू लागली. एकेका झाडापाशी थांबायची, फळ तळहातावर घ्यायची, सोडून द्यायची. मी मागे मागे. तिच्या हाताला काय कळत होतं ते मला कळत नव्हतं, पण शेवटी एका फळापाशी ती थांबली आणि देठाला चिंधी बांधली.

दुपारी क्लासमध्ये असताना भावाचा फोन आला. मी व्हरांड्यात गेले.

"सही झाली का?"

"नाही. आणि मी आता तिला सही कर म्हणणार नाही," मी एका दमात म्हटलं. "आईनं बियाचं वांगं ठेवलं आहे. ते पिकायचं आहे."

मला वाटलं, आता हा चिडणार. कागद तयार करण्यासाठी त्यानं सुट्ट्या घालवल्या होत्या. मी भांडायच्या तयारीनं उभी राहिले. तिकडून ऑफिसातले आवाज येत होते, कोणीतरी हसत होतं.

"झाडावरचं कितवं फळ ठेवलं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"पह्यलं ठेवू देऊ नको तिले. पह्यल्यात दम नसते. तिसरं नाई तं चवथं ठेवाले लाव. आन् झाडाले काडी लावजो, वजनानं वाकते थे."

सहीचं त्यानं पुन्हा काढलं नाही. पण फोनही ठेवला नाही.