आबांचे सहा महिने आणि एक चावरा मासा

माझ्या धाकट्या भावाविषयी चांगलं बोलणारी माणसं आमच्या गावात, निमोण्यात, पोत्यानं सापडतील. माऊली असा, माऊली तसा, माऊलीचा हात लागला की बंद पडलेली मोटर चालू. ऐकून ऐकून माझे कान किटले. मी त्याचा सख्खा थोरला भाऊ, जालिंदर. अकरा वर्षांनी मोठा. पोरगं चिखलात रुतायचं म्हणून खांद्यावर बसवून त्याला शाळंत मी पोचवलाय. तवा त्याच्याविषयी ऐकायचंच असंल तर माझ्याकडून ऐका.

माऊली आयटीआय झाला आन् सणसवाडीच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला चिकटला. तिथंच तळमजल्यावर फ्लॅट घेतला, करिश्मा नावाची शिकलेली बायको केली. आमच्या वाटण्या झाल्या तवा रान, विहीर, गोठा, सगळं गोडीगुलाबीनं झालं. राहिले आबा. आई आधीच गेलेली. मंग मामांनी तोड काढली: पाडवा ते दसरा आबा माझ्याकडं, दसरा ते पाडवा माऊलीकडं. आमच्याकडं घरोघरी हीच रीत हाय. कॅनॉलचं पाणी जसं पाळीपाळीनं येतं, तसे आईबाप.

नऊ वर्षं मी ह्यात एक दिवस इकडचा तिकडं होऊ दिला न्हाई. पाडव्याची गुढी उभी राहिली की माझी गाडी सणसवाडीला निघालीच. ड्रायव्हर शंभू जायचा, आबांना घ्यायचा आन् पुरणपोळीच्या वक्ताला घरात हजर करायचा. याला म्हणत्यात शिस्त. माऊलीचं मातुर निराळंच नाटक. दसरा उद्या, तर हा गडी आदल्या दिवशी सांजच्यालाच येऊन बसणार. मुक्काम ठोकणार. आबांच्या अंथरुणाला लागून आपलं अंथरूण टाकणार. मी काय आबांना पळवून नेणार व्हतो? मला लई राग यायचा त्याचा.

तर ह्या माऊलीला दोन वर्षांमागं माशांचं याड लागलं. साधे मासे न्हाईत, समुद्रातले. हॉलमधी सहा फुटी काचंची टाकी, वर निळे दिवे, आत दगड आन् दगडावर फुलागत उमललेले जिवंत कोरल. समुद्र आमच्यापासून कुठं हाय आन् ह्यो समुद्र घरात आणतोय! फिल्टरच्या पाण्यात मोजून मोजून कसलंसं खास मीठ कालवायचं, दुर्बिणीगत एका नळीत थेंब टाकून डोळा लावायचा, मंगच पाणी टाकीत. आन् त्यात ठेवला कोण? तर ट्रिगर जातीचा एक मासा. निळा-काळा, ईतभर लांब, दात लालभडक. लई आडदांड. दुसरा मासा टाकीत सोडला की ह्यो त्याच्या अंगावर जाणार, शेपूट फाडणार. माऊलीच्या आंगठ्याला दोन टाके पडले व्हते ह्याच्यापायी. आबांनी त्याचं नाव ठेवलं सरपंच.

मी म्हणलं, असू दे, रिकामपणचे धंदे. पर ह्या पाडव्याला शंभू गेला आन् रिकामी गाडी घेऊन आला.

"आबा कुठं हायेत रं?"

"न्हाई आले. म्हणले, अजून थोडं थांबतो, मासे बघतोय."

गुढी दारात, पाटावर पुरणपोळी, आन् आबांचा पाट रिकामा. माझ्या बायकोनं, धुरपदानं, पाट उचलून भिंतीला टेकवला. मला मेल्याहून मेल्यागत झालं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बाप पाळीला थोरल्याकडं आला न्हाई, ही गोष्ट गावात लपती व्हय? सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब भर चावडीवर म्हणले, "जालिंदर, आबाला मासा चावला का काय? पाय निघंना त्यांचा तिथनं!" समदी हसली. मीबी हसलो. आतून मातुर जळून कोळसा झालो.

म्हणलं बघावं तरी जाऊन. गेलो सणसवाडीला. दार उघडंच व्हतं आन् आबा टाकीपुढं खुर्ची घेऊन बसलेले. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात अंड्याला हात न लावलेला माणूस, आन् चिमटीत धरून कोळंबीचा तुकडा पाण्यावर धरलेला! सरपंच खालनं सणकून आला, तुकडा घेतला आन् वर तोंड काढून अशी पिचकारी मारली की आबांची पांढरी टोपी भिजली. आबा खदाखदा हसले. बत्तीस वर्षं मी त्यांच्या बरोबरीनं नांगर धरला, कांदा काढला, झेंडू तोडला. त्या हसण्याचा आवाज मी कवाच ऐकला नव्हता.

"आरं ये की जालू," आबा म्हणले. "बघ ह्याचा थाट. त्या मधल्या दगडाच्या भोकात झोपतो. नवा मासा सोडायचा झाला की माऊली सगळे दगड हलवतो. आपला बांध कुठला तेच ह्याला कळंना, तवा गप ऱ्हातो."

आमच्याशी वर्षभरात बोलायचे त्याच्या दुप्पट आबा तासाभरात बोलले. पाण्याचं खारटपण किती, कोरलला उजेड किती, समदं तोंडपाठ. माऊली शेजारी उभा राहून नुसता गालात हसत व्हता. त्याचं ते गरीब हसू! मला वाटलं, उचलावा एक दगड आन् घालावा टाकीत.

पर दगड घालणारा मी न्हाई. मी त्याच्यापुढं जाणारा. घरी येताना गाडीतच ठरवलं: टाकीच पायजे ना आबांना? मंग माझ्याकडं त्याच्याहून मोठी टाकी पायजे. त्याच्याकडं एक चावरा, तर माझ्याकडं तीन.

पुण्याहून आठ फुटी टाकी आणली, पंप आणला, निळे दिवे आणले. दुकानदार म्हणला, "काका, मीठ किती देऊ?" मी म्हणलं, "मीठ ठेव तुझ्यापाशी." आमच्या खालच्या रानातल्या बोअरला असलं खारं पाणी हाय की ऊस पिवळा पडतो, जनावर तोंड लावत न्हाई. ज्या पाण्याला उभा जन्म शिव्या घातल्या, ते शेवटी कामाला आलं म्हणून मला कोण आनंद! माऊली मीठ कालवत बसतोय, आन् माझ्या रानात देवानं फुकट समुद्र दिलाय. दुकानदार आणिक कायतरी सांगत व्हता, टाकी आधी महिनाभर नुसती चालू ठेवा, मंग मासे. मी म्हणलं, "महिनाभर थांबायला मी काय लगीन ठरवतोय? सगळ्यात चावरे कोणते ते दे." तीन ट्रिगर घेतले. त्याच दिवशी सोडले.

कडेनं फिरायला लागले. लई देखणे दिसले. धुरपदा म्हणली, "आवं, त्यांचं तोंड बघा कसं झालंय, तुमच्यावाणी." मी फोन उचलला. आन् पयल्यांदाच मी आबांना स्वतः म्हणलं, "आबा, या की. तुमच्यासाठी मासे आणलेत. तुमच्याबिगर बघायला कोण हाय हितं?"

आबांनी आधी आज वार कोणता ते इचारलं. मंग म्हणले, "येतो. रविवारी येतो."

तो बुधवार. बेस्तरवारी सकाळी दोन मासे आडवे. तिसरा कोपऱ्यात, शेपटीचा चिंधोटा झालेला. त्या दोघांनी मरायच्या आधी भांडण काय सोडलं नव्हतं. दुपारच्याला त्योबी गेला. आठ फुटी टाकी, निळा उजेड, आन् आत नुसतं माझ्या बोअरचं पाणी. मी वसरीवर डोकं धरून बसलो. माशांचं जाऊ द्या. रविवारी आबा येणार, रिकामी टाकी बघणार आन् दुसऱ्या दिवशी परत सणसवाडी. मंग ते जित्तेपणी पुन्यांदा माझ्या दारात येत नसत्यात, असं माझ्या मनानं घेतलं.

शेवटी जो नको तोच उपाय. शुक्रवारी कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. सुट्टीच्या भोंग्याला माऊली बाहेर आला. मला बघून घाबरला, "दादा, काय झालं? वैनी बऱ्या हायेत ना?"

सगळं सांगितलं. जीभ रेटंना, तरी सांगितलं. त्यानं फक्त डोक्याला हात लावला. "दादा, आपल्या बोअरचा खारटपणा निराळा, समुद्राचा निराळा. ते क्षार हायेत. समुद्राचा मासा त्यात जगत न्हाई. आन् नव्या टाकीत तर मुळीच न्हाई. मला इचारायचं तरी."

"तुला इचारायचं नव्हतं म्हणून तर झालं हे," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू?

माऊलीनं डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. मंग म्हणला, "सरपंचाला न्या."

माझा कानावर इश्वास बसंना. त्याच्या घरातला जीव त्यो, बोटाला टाके घालून वाढवलेला. म्हणला, त्याचे दगड आन् निम्मं पाणी संगट घेऊ, म्हंजी त्याला नवं वाटणार न्हाई. आबा सकाळी देवळात जात्यात तवा काढू. रिकामी टाकी दिसली तर सांगंन कायतरी, औषधाला पाठवलाय म्हणून. मला बरं वाटायला पायजे व्हतं. उलटं आणिक जळलो. द्यायला सुद्धा ह्यालाच जमावं? ह्याच्या हाताला तोटा म्हणून न्हाईच का?

शनिवारी त्यो कॅन भरून पाणी, दगड आन् मासा टेम्पोत घालून निमोण्याला आला. माझी टाकी चार वेळा धुतली, वरचं पाणी मीठ कालवून नीट केलं, लाईट गेली तर म्हणून पंपाला इन्व्हर्टर जोडला. जाताना म्हणला, "पाणी उडून कमी झालं की गोडंच पाणी टाकायचं, दादा. बोअरचं न्हाई." चहाला सुद्धा थांबला न्हाई.

रविवारी मीच आबांना बस-स्टँडवरून आणलं. आबांनी चपला काढल्या, तांब्यानं पाय धुतले आन् सरळ टाकीपुढं बसले. सरपंच दगडाच्या भोकातनं बाहेर आला, काचंपाशी थांबला, वर गेला, आन् फुर्रकन पिचकारी. टोपी भिजली.

आबा हसले. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून हसले. आन् तरी मला गोड लागंना. कारण मासा माऊलीचा, पाणी माऊलीचं, हसूबी माऊलीनंच पाठवलेलं. माझ्या घरात बसून माझा बाप माझ्या भावाकडंच बघत व्हता. सांजच्या चहापर्यंत मी कसाबसा गप राहिलो, मंग सुटलोच.

"आबा, ह्यो मासा माझा न्हाई. माझे मेले. ह्यो सरपंचच हाय."

आबांनी बशी फुंकली. "मला काय वळखू येत न्हाई व्हय? त्याला पिशवीत भरताना पिशवी मीच धरली व्हती. त्यो माऊलीच्या हाताला येतच नव्हता."

"म्हंजी तुम्हाला ठावं व्हतं? मासा न्हाई, काय न्हाई, माझी फजिती झाली, समदं ठावं व्हतं? मंग आलात कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."

"दरवर्षी गाडी धाडत नव्हतो व्हय मी? एक दिवस कवा चुकला?"

"न्हाई चुकला," आबा म्हणले. "नऊ वर्षं पाडव्याला गाडी येती. शंभू बाहेरनं हॉर्न वाजवतो. मी पिशवी उचलतो आन् बसतो. पाळी आली की पाणी सोडावं लागतं, तसं. ह्या बारीला हॉर्न वाजला आन् माझ्याच्यानं उठवंना बघ. म्हणलं, बघू तरी, कोण इचारतं का." बशी खाली ठेवली. "मंग तुझा फोन आला. आबा, या की, म्हणलास."

धुरपदा चुलीपाशी व्हती, तिनं पदर डोळ्याला लावला. मी उठलो आन् उगंच टाकीत हात घातला, दगड सरळ करायचं निमित्त करून. सरपंचानं करकचून आंगठा धरला. दुखलं म्हंजी लईच दुखलं, आन् डोळ्यात पाणी यायला मला चांगलं कारण मिळालं.

आता आंगठ्यावर त्याच्या दातांचा वण हाय, आबा टाकीपुढं हायेत, आन् दसरा जवळ आलाय. आदल्या दिवशी माऊली येईल, आबांच्या शेजारी अंथरूण टाकील. टाकू दे. त्याचा मासाबी त्यानं न्यावा, मी अडवणार न्हाई. पर पुढच्या पाडव्याला शंभू जाणार न्हाई, हे मी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. मी जाणार. माऊली एक दिवस आधी येतो ना? मी दोन दिवस आधी जाऊन बसंन.