माझ्या बायोडाट्याचा माग

दोंडाईच्याहून फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या लॉ कॉलेजात 'संमती' या विषयावरचं लेक्चर ऐकत बसले होते. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी मीच. शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा माझ्याहून लहान, त्यामुळे त्या मला काही विचारायच्या तर आधी थोडं हसून घ्यायच्या. अशिलाचा फोन असेल म्हणून मी वाकत वाकत बाहेर आले. पलीकडे एक खणखणीत आवाज होता.

"आमनाकडे पोरगीना बायोडाटा उना व्हता. लगीन व्हयनं का बाकी शे?"

"बाकी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही पोरना कोन लागतस?"

"जवळचीच आहे."

"पोर सभावले कशी शे?"

"तापट."

"बरं, मंग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अशी किती स्थळं मी स्वतःच परतवून लावली असतील याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला आहे.

तर हा बायोडाटा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मी नुकती वकिली सुरू केली तेव्हा केला. जळगावात एका स्टुडिओत मागे रंगवलेला धबधबा, पुढे मी, आणि अंगावर मामीची मागून आणलेली पैठणी. गालांवर फोटोग्राफरने इतकी पावडर चढवली होती की 'रंग: गोरा' हे वाक्य निदान त्या दिवसापुरतं तरी खरं होतं. खाली 'गृहकृत्यदक्ष' असंही लिहिलं होतं. माझा वरण-भात ज्यांनी खाल्ला आहे त्यांना मी यावर काही सांगायची गरज नाही. संपर्कासाठी नानांचा नंबर होता. पुढे नानांनी नवा फोन आणि नवा नंबर घेतला आणि जुना नंबर मी ऑफिससाठी ठेवून घेतला, ही माझी चूक. मुलगी आणि मुलीचा पालक या दोन्ही जागा त्या दिवसापासून माझ्याकडेच आल्या.

मी लग्न केलं नाही. त्यामागे काही दुःखाची कहाणी वगैरे नाही. जमलं नाही, मग जमवावंसं वाटेना, आणि मग माझं बरं चाललंय हे माझ्याच लक्षात आलं. पण कागदाला हे कोण सांगणार? तो आधी झेरॉक्स होऊन फिरला, मग त्याचा कुणीतरी फोटो काढला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. खानदेशात केळी सावद्याहून दिल्लीला पोचत नसतील इतक्या वेगाने मी शिरपूरहून पाचोऱ्याला पोचत होते. मी चाळिशी ओलांडली, कागदावरची मी सव्वीसचीच राहिले. मला राग स्थळांचा नव्हता. माझं नाव, माझी जन्मवेळ, माझी उंची, सगळं गावोगाव वाटलं गेलं आणि त्यात मला एका शब्दानेही कुणी विचारलं नाही, याचा होता. त्या कागदातून मला एकदाचं सुटायचं होतं.

इतकी वर्षं खरेदीखतं आणि भाडेकरार करून झाल्यावर मी पुन्हा शिकायला गेले आणि 'माहितीची गोपनीयता' हा विषय घेतला, त्याचं खरं कारण हे. प्रवेशाच्या मुलाखतीत मी अर्थातच 'डिजिटल युगातील आव्हाने' असं काहीतरी सांगितलं. कोर्टातल्या मंडळींनी "आता या वयात?" असं विचारून घेतलं. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. नानांचं मात्र एका शब्दात आटोपलं. मी सांगितलं, नाना, मी एलएल.एम. करतेय, शनिवार-रविवार धुळ्याला जाईन. ते "बरं" म्हणाले आणि भाकरी मोडली. ते वीज खात्यात मीटरचं रीडिंग घ्यायचे. आकडा सांगायचा, मत द्यायचं नाही, ही सवय त्यांनी घरीही सोडली नाही. आई होती तोवर त्यांच्या मनातलं ती मला सांगायची. ती गेल्यावर तीही सोय गेली. त्या एका 'बरं'चं मला वाईट वाटलं होतं, हे लपवत नाही.

दुसऱ्या सत्रात मॅडमनी प्रकल्प दिला. एखादी खाजगी माहिती निवडा, ती कुणाकडून कुणाकडे गेली त्याचा माग काढा आणि ती पुसून घेता येते का ते बघा. पोरांनी बँका, दवाखाने, मोबाईल कंपन्या निवडल्या. मी बायोडाटा निवडला. वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण मग म्हणाल्या, "चालेल. माझाही अजून फिरतोय."

सुरुवात दोंडाईच्यापासून केली. त्या खणखणीत आवाजाला मीच फोन लावला आणि पोर म्हणजे मीच, असं सांगून टाकलं. गृहस्थ इतके ओशाळले की त्यांनी आधी माझी, मग माझ्या वडिलांची आणि शेवटी तिथे नसलेल्या स्वतःच्या मुलाची माफी मागितली. कागद त्यांच्याकडे सावद्याच्या एका अक्कांच्या ग्रुपवरून आला होता. त्या अक्का म्हणजे समाजातल्या लग्नांचं जंक्शन, सगळ्या गाड्या तिथूनच बदलायच्या.

पुढच्या आठवड्यात मी सावद्याला गेले. अक्का ओट्यावर बसून केळ्याचे वेफर्स डब्यात भरत होत्या. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "व माय, तू त्या मीटरवाल्या नानांची पोर का व! बस, बस."

मी बसले, वेफर्स खाल्ले, चहा घेतला आणि मग वकिली आवाज काढला. माझा बायोडाटा तुमच्याकडे आहे, तो तुम्ही माझ्या परवानगीशिवाय पाठवता, तो पुसून टाका.

अक्कांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि विचारलं, "कोनता पुसू? जुना का नवा?"

"नवा कुठला?"

"आता! दर दिवाईले नवा धाडतात ना तुये नाना."

दर दिवाळीला! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी दोंडाईच्यापासून सावद्यापर्यंत गुन्हेगार शोधत फिरत होते आणि गुन्हेगार घरी माझ्याच खुर्चीत बसून माझ्याच वायफायवर काम करत होता. अक्कांनी नवा कागद उघडून दाखवला. मी नीट पाहिलाही नाही. वर माझा फोटो दिसला, खाली नानांचा नवा नंबर दिसला, आणि माझं डोकं फिरलं. अक्कांना जुना तेवढा पुसायला लावला, नवा माझ्या फोनवर घेतला आणि तडक निघाले.

जळगावपर्यंतच्या बसमध्ये मी नानांना मनातल्या मनात नोटीस लिहिली. कलमं घातली, मुदत दिली, खर्चासह कारवाईचा इशाराही दिला. भुसावळच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मला मॅडमनी शिकवलेली बारीक गोष्ट आठवली: एखाद्या माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर माहिती संरक्षणाचा कायदा त्याला लागू होत नाही. म्हणजे नाना सुटले. मी फी भरून जो कायदा शिकत होते, त्यातून पहिला निर्दोष माणूस निघाला तो माझाच बाप. शेजारच्या बाईने मला विचारलं, "काय झालं व ताई?" मी म्हटलं, काही नाही, केस हरले.

घरी नाना दाण्याचं कूट खलबत्त्यात कुटत होते. मिक्सरवर त्यांचा विश्वास नाही. मी चप्पलही न काढता विचारलं, "नाना, तुम्ही अजून माझा बायोडाटा पाठवता?"

बत्ता थांबला. "हो," ते म्हणाले.

"अहो, मला लग्न करायचं नाही हे तुम्हाला किती वर्षं सांगतेय मी!"

"लग्नाचं तर मी केव्हाच सोडलं."

"मग कशाला पाठवता?"

नानांनी बत्ता बाजूला ठेवून हात पुसले आणि म्हणाले, "तू वाचला का तो?"

मी फोन काढला आणि उभ्या उभ्या वाचला. त्यात उंची नव्हती. रंग नव्हता, जन्मवेळ नव्हती, 'अपेक्षा' नावाचा रकाना पार उडवला होता. फोटो मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी असतानाचा, वैतागलेला. खाली लिहिलं होतं की हिने एका विधवा बाईला तिचं शेत परत मिळवून दिलं. गिरणीवाल्याची आणि त्याच्या भावाची वाटणी हिने कोर्टाबाहेर मिटवली. आता पुन्हा शिकते आहे, विषय अवघड आहे, आपल्या समाजात अजून कुणी घेतलेला नाही, पहिल्याच चाचणीत वर्गात पहिली. आणि सगळ्यांत शेवटी: स्वभाव रागीट, पण मन चांगलं.

"ग्रुपवर कुणी नातवाचं बारसं टाकतं," नाना म्हणाले. "कुणी पोराचा नवा बंगला टाकतं. मी काय टाकू? नुसतं पोरीचं कौतुक केलं तर लोक हसतात. बायोडाटा म्हटलं की सगळे उघडून वाचतात."

मी खालीच बसले. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्यासमोर एकदाही काही बोलला नव्हता, आणि बाकी सगळ्या खानदेशाला सांगून मोकळा झाला होता. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. नाना घाबरून म्हणाले, "पुसून टाकू का? तू म्हणशील तर आताच पुसतो."

"आधी 'रागीट' काढा," मी म्हटलं.

"ते राहू दे. तेवढं खरं आहे."

त्यावर आमचं भांडण झालं आणि ते मी हरले. मग मी त्यांच्या शेजारी सरकून दुरुस्त्या सांगितल्या. वाटणी गिरणीवाल्याची नव्हती, तेलघाणीवाल्याची होती. त्या विधवेचं नाव कुठे कळेल असं काही लिहायचं नाही. जळगावातला आपला पत्ता काढायचा. वरचा 'वधू परिचय' हा मथळाही काढायचा. ते एकेक शब्द बोटाने शोधत बदलत गेले. मथळ्याच्या जागी काय लिहायचं ते त्यांना सुचेना, शेवटी त्यांनी 'माझी मुलगी' असं लिहिलं.

सगळं झाल्यावर त्यांनी फोन लांब धरून पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. अंगठा पाठवायच्या खुणेपाशी नेला आणि तिथेच थांबवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठवू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"पाठवा," मी म्हटलं.