गिटारीच्या माथ्यावरचा शेंदूर

नणंदेच्या मुलीने, माझ्या भाचीने, गिटारीच्या बुडाची पितळी पट्टी काढली, आणि तिच्याखाली काळपट रंगाचा एक तुकडा निघाला. बाकी सगळी गिटार मधासारखी पिवळी. तेवढाच तुकडा काळपट. तो रंग मी ओळखला. नणंदेनेही ओळखला. ती माझ्यासमोरच बसली होती.

"पाह्य वहिनी," ती म्हणाली. "मी सांगत होती न तुले. ही बाबाचीच होय."

गिटार माझ्या नवऱ्याची. तो गेल्यावर ती दवनीवाड्याच्या घरात माझ्या खोलीत खुंटीला होती. नणंद फुलचूरला राहते. तिची नात गिटार शिकते, म्हणून ती मागायला आली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ही तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामाजींची, रेल्वेतल्या एका साहेबाने गाव सोडताना त्यांना दिलेली. मी म्हटलं, ती तर विकली गेली, ही नवऱ्याने माझ्यासाठी नवी आणलेली. शेवटी ठरलं की गिटार कोणत्या मॉडेलची आहे ते शोधायचं. जुनी निघाली तर तिची, नवी निघाली तर माझी. मी हो म्हटलं, कारण मला खात्री होती.

खात्री कशी होती तेही सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात मामाजींची काळपट गिटार होती. संध्याकाळ झाली की नवरा ओसरीवर बसून ती वाजवायचा आणि नणंद गायची. गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रात दोघंही होते. मी चुलीपाशी भात उतरवत त्यांचं हसणं ऐकायची. गिटारीला मला हात लावू देत नसत. एक दिवस मी नवऱ्याला तोंडावर विचारलं, "बहिणीसंगंच बसाचं होतं तं मले कायले आणलं?" तो तारा जुळवत राहिला. नणंद मात्र बोलली, "काऊन वहिनी, तुले गाता येते का? ये मंग, बस."

मला गाता येत नव्हतं. तिला ते माहीत होतं.

त्यानंतर ऑर्केस्ट्रा कलकत्त्याला गेला. नवरा जुनी गिटार घेऊन गेला आणि ही पिवळी, चकचकीत घेऊन आला. म्हणाला, जुनी विकली. ही नवी, तुझ्यासाठी. मला वाजवता येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण 'तुझ्यासाठी' म्हणाला, ते मी धरून ठेवलं. दसऱ्याला नांगर, विळे, कुऱ्हाड मांडून आम्ही पूजा करतो. त्यांच्याशेजारी मी गिटार ठेवायला लागले. कुंकू गळून पडायचं, म्हणून तेलात शेंदूर कालवून तिच्या माथ्यावर, तारांच्या खुंट्या असतात तिथे, लावायचे. दर दसऱ्याला नवा थर. नवरा तोंड वाकडं करायचा, पण अडवलं कधी नाही. का अडवलं नाही ते आत्ता कळतं. त्या शेंदराखाली काय आहे ते कोणी पाहू नये, हे त्याच्या सोयीचंच होतं.

भाचीच्या ओळखीचा एक माणूस नागपूरला गिटारी दुरुस्त करतो. त्याने फोनवर चित्र पाहून एकेक विचारलं. पोट फुगीर आहे का? आहे. दोन बाजूंना व्हायोलिनसारख्या खाचा? आहेत. भाचीने शिंप्याच्या टेपने रुंदी मोजली. खाचेतून बॅटरी मारली, तर आतला कागद वाळवीने खाल्लेला. मग तो म्हणाला, माथा दाखवा. भाचीने खोबरेल तेलाचा बोळा घेतला.

"मामी, हे किती वर्षांचं आहे? निघतच नाही."

"निघल. घास."

मीच म्हटलं ते. शेंदराची ढलपी निघाली आणि खाली शिंपल्याची इंग्रजी अक्षरं चकाकली. त्या माणसाने नाव वाचून मॉडेल सांगितलं. माझ्या जन्माच्याही आधीचं. मी म्हटलं, कलकत्त्याला जुनी घेतली असेल, त्याचं काय? तो म्हणाला, बुडाची पट्टी काढून बघा, पुन्हा रंगवली असेल तर पहिला रंग तिथेच राहतो.

तो राहिला होता.

"तुले माहीत होतं?" मी नणंदेला विचारलं.

"हो. दादा म्हणला, वहिनीले सांगू नको. तू रोजची कटकट करत होती न."

"कलकत्त्याले रंगवली?"

"हो." मग म्हणाली, "पिवळा मीच पसंत केला. दादाले लाल पाहिजे होता."

नवऱ्याने खोटं सांगितलं, ते एक वेळ पचवलं असतं. पण मला फसवायचा रंगसुद्धा तिने निवडला, आणि तो मला आवडत आला.

"ठेव तूच," ती म्हणाली. "नातीले दुसरी घेऊ."

"ने. बोलणं झालं होतं. तुहं उष्टं मले नको."

भाचीने पट्टी पुन्हा बसवली आणि गिटार माझ्याच चादरीत गुंडाळली. ऑटोत बसताना नणंदेने विचारलं, "दसऱ्याले शेंदूर लावू का?"

"नाही. तो माझा होता."

आता गिटार फुलचूरला आहे. नात वाजवते म्हणतात. मी ऐकायला गेले नाही. मामाजी गेले, नवरा गेला. त्या ओसरीवरची नणंद आणि चुलीपाशी बसलेली मी, एवढ्या दोघीच जिवंत आहोत.