दारावरचा पिवळा दुपट्टा

समुद्रपूर तालुक्यात पंचाहत्तर वर्षं काढली, पण समुद्र काही पाहिला नव्हता. तरी वर्ध्याच्या स्टेशनवर बसल्या बसल्या मी सोबतच्यांना जहाज कसं चालतं ते समजावून सांगत होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टी सांगताना मला अडचण येत नाही.

आम्ही चौघं होतो. गुलाबराव, त्याची बायको शांतावहिनी, मी आणि नामदेव. मुंबईहून जहाजानं गोवा, तिथं दोन दिवस बसनं फिरणं आणि रेल्वेनं परत. बेत गुलाबरावाचा. नामदेव गावातलं घर बंद करून पुण्याला मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. त्याआधी लहानपणच्या सोबत्यांनी एकदा फिरून यावं, एवढंच. अडचण अशी की नामदेवशी मी नऊ वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगतो, हसू नका. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या करायचं काम त्या वर्षी नामदेवकडे होतं. त्यानं माझी जोडी दुसरीवरून चौथी केली. मी ठरवलं, हा आधी बोलेल तेव्हाच बोलीन. तोही तसाच निघाला. पुढं मी बैल विकले, त्यानंही विकले. अबोला मात्र दोघांनी पोसला.

मुंबईच्या बंदरावर जहाज पाहिलं आणि माझं समजावून सांगणं बंद पडलं. आमच्या गावाची सगळी घरं एकावर एक रचली तरी ते उंचच राहिलं असतं. आत गेल्यावर कळलं की आमच्यासाठी खोल्या दोनच. एक नवरा-बायकोची. उरलेली कोणाची, ते सांगायला नको.

"मी नाई राहत त्याच्यासंग," मी म्हटलं.

"मंग समुद्रात झोपा भाऊजी," शांतावहिनी म्हणाल्या. "तिथं जागा लय आहे."

खोलीची चावी म्हणून एक कार्ड दिलं. "असल्या पत्त्यानं कुलूप उघडत नसते," असं मी चारचौघांत म्हणालो. नामदेवनं मुकाट्यानं कार्ड टेकवलं, दार उघडलं. मग कार्ड त्याच्याकडेच राहिलं. मागायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी जहाज दिवसभर पाण्यातच होतं. चहूकडे नुसतं निळं, बांध नाही की झाड नाही. जेवायच्या मोठ्या दालनात मी खुर्चीवर बसलो आणि वाट पाहू लागलो. पंगतीत बसलं की वाढपी येतो, एवढं मला ठाऊक. अर्धा तास झाला. समोर नामदेव जेवत होता. शेवटी तो गुलाबरावाला म्हणाला, "सांग त्याले, इथं आपल्या हातानं वाढून घ्या लागते."

"सांग त्याले, मले भूक नाई," मी म्हटलं आणि उठलो. खोलीतल्या पिशवीत भाकरी आणि भुरका (तेलात लसणासोबत परतलेलं लाल तिखट) होता.

कार्ड नामदेवकडे आहे, हे रागात ध्यानातच नव्हतं. पण आधी खोलीच सापडेना. एका लांबच लांब बोळात दोन्हीकडे सारखी दारं. नंबर होते, पण मी आमचा पाहिलाच नव्हता. आदल्या दिवशी तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट दारावर ओढून ठेवलं होतं. आपलं पोतं आपण असंच ओळखतो. आता कुठल्याच दारावर चुना नव्हता. सफाईवाल्यानं पुसला असावा. मोबाईल खोलीत.

एक पोरगी गणवेशात आली. "आजोबा, रूम नंबर काय?"

"काही नाई, फिरून राह्यलो," मी छाती काढून म्हटलं.

तासाभरात तीच पोरगी तीनदा भेटली. तिसऱ्यांदा तिनं विचारलंही नाही, फक्त पाण्याची बाटली हातात दिली. पोटात कावळे, खाली जहाज डुलतंय, अंगावर धोतर-बंडी आणि खांद्यावर लाल दुपट्टा घेतलेला मी, म्हणजे बाजारात चुकलेलं वासरू.

चौथ्या फेरीला पाय थांबले. दूरच्या एका दाराच्या मुठीला पिवळा दुपट्टा बांधलेला होता.

तरुणपणी आम्ही कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जायचो. गाड्यांच्या रांगेत आपली गाडी ओळखावी म्हणून जुवाला दुपट्टा बांधायचो. माझा लाल, नामदेवचा पिवळा. चहा प्यायला गेलेला माणूस दुपट्टा पाहून परत यायचा.

दार उघडंच होतं. नामदेवनं ताटात वरण-भात आणून झाकून ठेवलेला. तो माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. पुण्याला गेला की हा दिसणार नव्हता.

"पिवळा काऊन बांधला बे?" माझ्या तोंडून निघालं. "माही खूण लाल."

"लाल घेऊन तूच हरवलता," नामदेव म्हणाला. "जेव आता. थंड झालं."

जेवता जेवता मी पोळ्याचं काढलंच. तो म्हणाला, "तुहा डावा बैल मारका होता. दुसऱ्या जागेच्या बाजूले पोरं उभी होती." नऊ वर्षं मी हे विचारलं नव्हतं आणि बैल मारका होता हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

गोव्याचं वर्णन कोणी मागू नका. किल्ला आला तेव्हा आम्ही बसमध्येच बोलत बसलो होतो आणि चर्चमध्ये बोलू नका म्हणून गाईडनं दोघांना बाहेर काढलं. समुद्रात मात्र हात धरून उतरलो. लाटेनं दोघांनाही बसवलं.

"आता दोघाईले बांधून ठेवा लागते," शांतावहिनी काठावरून ओरडल्या.

आधी कोण बोललं, यावर परतीच्या गाडीत वाद झाला. मी म्हणतो, मी दुपट्ट्याला विचारलं होतं, नामदेवला नाही. कोणी मानत नाही.

नामदेव पुण्याला गेला. निघताना पिवळा दुपट्टा माझ्याकडे राहिला, म्हणजे मी दिला नाही. तो मी फाटकाला बांधला आहे. नामदेवला माझं दार डोळे मिटून सापडतं, हे खरं. तरी बांधला आहे.